देवणीच्या रानातले खारे पाणी

लातूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात, समुद्रापासून इतक्या दूर, मला खाडीचा वास आला तेव्हा मी आधी स्वतःच्या नाकावरच अविश्वास दाखवला. कोकणातून आणलेल्या पिशवीत काही राहून गेले असेल, एखादे न धुतलेले जाळे, एखादी ओली चप्पल, असे वाटले. पिशवी उघडून हुंगली. वास तिचा नव्हता. तो तुरीच्या पट्ट्यापलीकडून येत होता. या प्रवासात मला जे धक्के बसले त्यांतला हा पहिला आणि सर्वांत सौम्य होता.

नांदेड

आमचे संशोधन केंद्र रत्नागिरीजवळ खाडीकाठी आहे. कालवे, तिसऱ्या, शिणाणे या शिंपल्यांच्या शेतीवर आणि काही वर्षे कोळंबीवर मी काम केले आहे. नांदेडला तलावांतल्या मासेमारीविषयी एक कार्यशाळा होती आणि किनाऱ्यावरचे अनुभव सांगायला मला बोलावले होते. डिसेंबरातली सकाळ होती. गोदावरीच्या घाटावर फिरून आलो, तर्री घातलेले पोहे खाल्ले, डोळ्यांतून पाणी आले. वाढणारा म्हणाला, "सायब तिकडचे दिसतात," आणि न मागता वर शेव घातली.

सभागृहात मी तिसऱ्यांविषयी बोललो. ओहोटीला आमच्या बायका चिखलात कशा बसतात, लहान तिसरी परत का टाकावी, पावसाळ्यात होड्या का बंद ठेवाव्यात, हे सर्व चित्रांसह सांगितले. मागच्या रांगेतून हदगावकडचे एक वयस्क मासेमार उठले.

"सर, आमच्या तलावाला ठेकेदार असतो. तुमच्या दर्याला कोण हाय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "तो सगळ्यांचा."

"मग बरं हाय की तुमचं. काई बी टाका, कोण इचारून राहिलं!"

सभागृह हसले. मीही हसलो.

चहाच्या वेळी एक पस्तिशीचा गृहस्थ माझ्यापाशी आला. त्याच्या हातात पिण्याच्या पाण्याची बाटली होती आणि तिच्यात दोन मेलेल्या कोळंब्या तरंगत होत्या. मी बाटली उजेडात धरली. ही व्हेनामी होती, खाऱ्या पाण्यातली जात. आमच्याकडे खाडीलगतच्या तळ्यांत वाढवतात ती.

"हे कुठून आणले?"

"माझ्या रानातलेच हायत. मी बालाजी, देवणी तालुक्यातला. झिंग्याची टाकी घातली हाय, सर. पंधरा दिवस झाले, रोज मरून राहिलेत. तुमी एकदा बगा. परवा येळवस हाय, त्या निमित्तानं या. आमच्याकडं येळवशीला पाव्हणा लागतोच."

माझे परतीचे आरक्षण त्याच रात्रीचे होते. ते मी रद्द केले. खरे कारण मदत हे नव्हते, कुतूहल होते, हे मला नोंदवले पाहिजे. देवणी म्हटले की मला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय आठवत असे. तिथे समुद्रातली कोळंबी कशी जगते, हे मला पाहायचे होते.

देवणी

दुसऱ्या दिवशी बालाजीच्या जीपमधून मुखेडमार्गे उदगीरला आणि तिथून देवणीकडे निघालो. मुखेड सोडल्यावर चाक पंक्चर झाले. बालाजी ते बदलत असताना मी रस्त्याकडेच्या हरभऱ्यात उभा राहिलो. इतकी काळी, इतकी भेगाळणारी माती मी आजवर केवळ पुस्तकात पाहिली होती. आमची तांबडी जमीन पाऊस पिते आणि लगेच विसरते, ही मात्र सगळे धरून ठेवणारी दिसत होती. उदगीरपुढच्या हॉटेलात बालाजी मालकाशी कानडीत बोलला, माझ्याशी मराठीत, आणि फोनवर कोणाशी तरी हिंदीत. तिन्ही भाषांत विषय एकच होता: झिंगे.

त्याचा आखाडा, म्हणजे शेतावरची वस्ती, पाच-सात घरांची. सगळे भाऊबंद. बालाजीची बायको रुक्मिण दारात आली, पाणी दिले, आणि टाकीकडे मान वळवून म्हणाली, "सर, त्यांना सांगा, घरातल्या माणसांकडं बी बगत जावा. दिवसभर त्या झिंग्यांच्या उशाला बसून राहतेत."

टाकी तुरीच्या पट्ट्यापलीकडे होती. गोल, लोखंडी जाळीला ताडपत्री लावलेली, वर हिरवी जाळी. हवेचा पंप घरघरत होता. शेजारी मिठाची पोती रचून ठेवली होती. एका पोत्यावर मांजर झोपले होते. मी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले. भरतीच्या सुरुवातीला खाडीच्या वरच्या अंगाला जे मचूळ पाणी असते, तसेच.

मी टाकीभोवती एक फेरी मारली. ज्या जिल्ह्याला एके काळी रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे एका माणसाने बोरच्या गोड पाण्यात पोती रिकामी करून समुद्र तयार केला होता. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून लोक खाडीला बांध घालतात, बांधाला भगदाड पडले तर सारा गाव रात्री टोपल्या घेऊन धावतो.

बालाजीला माझे टाकी न्याहाळणे कौतुकाचे वाटले असावे. त्याने उत्साहाने सगळा आखाडा दाखवला. बोरपाशी आला तेव्हा त्याचा आवाज किंचित बदलला. बोरभोवती चौकोनी खड्डा घेऊन त्यात मोठे दगड, वर खडी, कोळसा, वाळू भरली होती. बोरच्या पाइपाला खड्ड्याच्या पोटात छिद्रे पाडून जाळी गुंडाळली होती. पत्र्यावरचे पावसाचे पाणी, न्हाणीचे पाणी, भांडी धुतलेले पाणी, सगळ्या नळ्या तिथेच येत होत्या.

"समद्या आखाड्याचं हेच एक बोर. आजूबाजूचे आटतेत, हे न्हाई आटत. आमच्याकडं थेंब बी वाया जात न्हाई, सर. वापरलं की खाली. जमीन गाळून घेती अन् परत देती."

"उत्तम," मी म्हणालो. "आमच्याकडे कोणी इतके करत नाही." आणि ते मनापासून म्हणालो.

मग कोळंबीकडे वळलो. रोग नव्हता. तळाशी न खाल्लेल्या खाद्याचा काळा थर साचला होता, पाण्यात अमोनिया वाढला होता, त्यात थंडी. आमच्या केंद्रात अशा वेळी जे करतात तेच मी सांगितले: तळाचे पाणी उपसून टाका, चौथा हिस्सा तरी, आणि नवे भरा.

बालाजी घुटमळला. "टाकून द्यायचं? झिंग्याचं शिकवणारे तर म्हणले, पाणी बदलायचंच न्हाई."

"बदलले नाही तर आठवड्यात सगळी मरतील. मन घट्ट करा."

त्याने नळी लावली. संध्याकाळ होत होती. गया आत्या, म्हणजे बालाजीच्या वडिलांची चुलत बहीण, शेजारच्या घरात एकटीच राहणारी, तिने मला ओट्यावर बोलावून चहा दिला. तुमच्याकडं बायका खरंच चिखलात बसून मासे उकरतेत का, असे विचारले, आणि मी तिसऱ्यांचे वर्णन करू लागलो. मी टाकीकडे पाठ करून बसलो होतो. मागे पाणी वाहण्याचा आवाज येत होता. आमच्याकडे तो आवाज दिवसरात्र येत असतो. नळी उघडावी, पाणी खाडीत जावे, ओहोटीने ते न्यावे. ते कोठे जाते हा प्रश्न मला माझ्या साऱ्या नोकरीत कधी पडला नव्हता. त्या संध्याकाळीही पडला नाही.

येळवस

वेळ अमावास्येला या भागात येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात चूल पेटलेली दिसत नाही. पहाटेच स्वयंपाक उरकून सगळे रानात जातात. कडब्याची खोप उभी करतात, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात, आणि मग जेवण. भज्जी, म्हणजे तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेला दाट पदार्थ, बाजरीचे उंडे, माठातली आंबिल, गव्हाची खीर. जेवायला फक्त आपल्याच खोपीत बसायचे नसते. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, आणि कोणी हाक मारली तर नाही म्हणायचे नाही. आमच्या होळीत इतका मोकळेपणा नाही.

पहिले जेवण बालाजीच्या खोपीत. पूजा झाली, बालाजीने आंबिल शिंपडत रानाला फेरी घातली, पाने मांडली. मी भज्जीचा पहिला घास घेतला. खारट होती. पाहुण्याने बोलू नये म्हणून उंड्याबरोबर गिळली. गया आत्याने मात्र घास तोंडात धरून रुक्मिणकडे पाहिले.

"रुक्मिण, मीठ दोनदा घातलंस का गं?"

"एकदाच घातलं, आत्याबाई."

"मग हात मोठा झाला तुझा. अन् दाणे बी कचकच करून राहिलेत. ध्यान कुठं होतं?"

"झिंग्यांत असंल," बालाजीचा चुलतभाऊ म्हणाला आणि सगळे हसले. रुक्मिणचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "मला तर छान लागली." ते खोटे होते, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सोयीचे होते.

पुढच्या खोपीतून हाक आली. तिथे चुलतभावाच्या घरची भज्जी होती. तीही खारट. आता हसण्याची पाळी रुक्मिणची होती. ती पदराआडून म्हणाली, "भावजी, इथं बी झिंगेच हायत का?" चुलतभावाने आंबिलीचा माठ पुढे ओढला. त्याची आई म्हणाली, या वर्षीचं मीठच कडक निघालं, दुकानदार काई बी भरतेत.

माझ्या मनात काही तरी हलले. मी त्याला दाबून ठेवले. आज ते आठवते तेव्हा मला स्वतःचे आश्चर्य वाटते. कळायला लागणारे सगळे माझ्यासमोर होते, आणि मी मिठाच्या दुकानदारावर विश्वास ठेवायला तयार होतो.

तिसरी खोप गया आत्याची. ती एकटी असली तरी तिने सगळे रांधले होते. "घरच्या गुळाची हाय, आधी गोड खा," म्हणत तिने मला द्रोणातून खीर दिली.

खीर खारी होती.

खिरीत कोणी मीठ घालत नाही. मी द्रोण हातात धरून बसलो. समोर आत्या माझ्या तोंडाकडे पाहत होती, चव सांगावी म्हणून. मी विचारले, "आत्या, स्वयंपाकाचे पाणी कोणते?"

"पहाटं बोर चालू केलं की बालाजीनं. ताजंच हाय. का?"

"प्यायचे?"

"प्यायचं कालचं, रांजणातलं."

मी बालाजीकडे वळलो. "काल टाकीतले पाणी कोठे सोडले?"

तो अभिमानानेच सांगू लागला. "वाया न्हाई जाऊ दिलं, सर. बोरच्या खड्ड्यात..." आणि तो मध्येच थांबला. वाक्य त्याने पुरे केले नाही. कोणालाच ते पुरे करावे लागले नाही.

रानात माणसे बोलत होती, दूरच्या खोपींतून हाका येत होत्या. आमच्या खोपीत रुक्मिणने हातातला द्रोण खाली ठेवला. मी उठून उभा राहिलो. माझा आवाज मुळात लहान; त्या दिवशी तो आणखी लहान झाला. मी सांगितले की मीठ दगडाने, वाळूने, कोळशाने गाळता येत नाही. समुद्राकाठच्या लहान मुलालाही हे ठाऊक असते. बालाजीला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, मला होते. पाणी उपसा असे मी म्हणालो. खड्डा मी पाहिला होता, त्याची स्तुतीही मीच केली होती. आणि रुक्मिणबाईंनी मीठ एकदाच घातले होते.

"बसा," गया आत्या म्हणाली. "उभ्यानं काय हुतंय?" मग खिरीच्या भांड्यावर झाकण ठेवत, "तुमी दोघं बी शिकलेले. एकानं सांगितलं, एकानं केलं. इचारलं कुणीच न्हाई."

आम्ही बोरपाशी गेलो. नळ सोडून मी ओंजळीत पाणी घेतले. खाडीची चव, आणि मागे तळातल्या गाळाचा कडवट वास. रुक्मिणने माझ्याकडे पाहिले नाही. ती सरळ घरात गेली आणि रांजणावर फळी ठेवून तिच्यावर दगड ठेवून आली.

उपसा

मी आणखी दोन दिवस राहिलो. जाता येत नव्हते.

बोर उपसून काढायचे हे ठरले. पण उपसलेले पाणी टाकायचे कोठे, यावर आखाड्यातली माणसे एका जागी बसली. नाल्याला सोडावे तर खाली दुसऱ्या वस्तीची विहीर. हरभऱ्यात सोडावे तर पीक जाते आणि ती काळी माती मीठ सोडत नाही. माळावर सोडावे तर पावसात पुन्हा खालीच. मी आयुष्यभर खाऱ्या पाण्याच्या व्यवस्थापनाचा अभ्यास केला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आमची सगळी उत्तरे अखेरीस समुद्रापाशी जाऊन थांबतात. इथे समुद्र नव्हता. इथे खाली राहणारी माणसे होती.

शेवटी मला मिठागरे आठवली. उथळ वाफे, ऊन, वारा, आणि मग फावड्याने ओढलेले मीठ. मी सांगताच बालाजीने खळ्यावर ताडपत्र्या अंथरल्या, कडेला मातीचे वरंबे घातले. आखाड्यातल्या सगळ्या ताडपत्र्या आल्या. कोणी सोयाबीनच्या गंजीवरची काढून आणली. गाळाचे पाणी आधी आले, मग निवळ खारे. बोर थांबत-थांबत चालवायचे, वाफा आटला की पुन्हा भरायचा.

चुलतभाऊ कडेला उभा राहून म्हणाला, "आता मीठ बी आपल्याच रानात पिकून राहिलं. दुकानदार गेला." कोणी हसले नाही, पण कोणी त्याला गप्पही केले नाही.

टाकीचा निर्णय बालाजीने स्वतः घेतला. मी काही सुचवण्याआधी तो म्हणाला, "झिंगे लहान हायत, पण काढतो. जे पाणी टाकायला जागा न्हाई, ते भरून ठेवून काय करू?" त्याने जाळे टाकले तेव्हा रुक्मिण शेजारी येऊन उभी राहिली आणि टोपली धरली. मला वाटते, त्याला तेच जड गेले. टाकीतले पाणी तिथेच उन्हात आटू द्यायचे ठरले. हवेचा पंप बंद झाल्यावर आखाडा इतका शांत झाला की दावणीच्या गायीच्या रवंथाचा आवाज ऐकू आला.

पिण्याचे पाणी शेजारच्या गावच्या विहिरीवरून पिंपांतून येऊ लागले. माझ्याकडच्या यंत्राने मी बोरचा खारेपणा पुन्हापुन्हा मोजला. तो उतरत होता, पण हळू, आणि मग उतरायचा थांबला. आत्याने विचारले, "कवा गोड हुईल?"

मी खरे तेच सांगितले. जे खडकाच्या भेगांत गेले ते पाऊसच धुईल. एक पावसाळा, कदाचित दोन. आणि तेही पाऊस चांगला झाला तर. नक्की मला माहीत नाही.

"असं सांगितलं तर बरं वाटतं," ती म्हणाली. "म्हाईत न्हाई म्हणणारा माणूस पैल्या दिवशी यायला पायजे हुता."

लातूर

बालाजी मला उदगीरला बसपर्यंत सोडायला आला. वाटेत तो म्हणाला की खड्ड्याला येणाऱ्या सगळ्या नळ्या त्याने पहाटे बंद केल्या. आता भांड्याचे पाणी कोठे टाकावे ते बायकांना सुचत नाही, त्या बादली धरून तशाच उभ्या राहतात. मी त्याला पुन्हा येईन म्हणालो. त्याने माझी पिशवी बसमध्ये चढवली.

निघताना रुक्मिणने माझ्या हातात डबा दिला होता. कोकणच्या गाडीला अवकाश होता, म्हणून लातूरच्या स्थानकाजवळ एका झाडाखाली बसून मी तो उघडला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. या प्रवासातले ते सर्वांत चांगले जेवण होते. भाजी अगदी जमली होती, ना कमी ना जास्त. शेवटचा घास खाऊन मी बालाजीला फोन लावला, पोहोचल्याचे कळवायला आणि थोडे तरी चांगले बोलायला.

फोन रुक्मिणने घेतला. मी म्हणालो, "भाजी फार छान झाली होती, वहिनी. त्या दिवशीचे सगळे विसरायला लावणारी."

"मीठ बरोबर हुतं का, सर?"

"अगदी बरोबर."

"मग जमलं म्हणायचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, एखादे काम अंगवळणी पडल्याचे समाधान होते. "पिंपातलं प्यायलाच पुरत न्हाई. म्हणून सैपाकाला बोरचंच घेतो आता. मीठ घातलंच न्हाई मी."